अळप्पुळाच्या हाउसबोटीला निघण्यापूर्वी

दिवाळीच्या सुट्टीत आई आणि दोन लहान मुलांना घेऊन नाशिकहून केरळातल्या अळप्पुळाला जाणार असल्याचे आपण लिहिले आहे, आणि त्यावर ‘हाउसबोटवाले सगळे बघतात, तयारी कसली?’ असे एकांचे म्हणणे आले आहे. जेवणाखाण्यापुरते ते खरे आहे. बाकीचे आपल्यालाच पाहावे लागते.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिकडे ईशान्य मोसमी पाऊस असतो आणि दुपारनंतर गडगडाटी सरी येतात, म्हणून छत्र्यांपेक्षा रेनकोट बरे. मंगला एक्सप्रेस नाशिक रोडहून थेट अळप्पुळाजवळच्या एर्नाकुलमला जाते, मात्र ती पोहोचण्याच्या दिवशीच बोट ठरवू नये, कारण रात्री मासेमारीची जाळी टाकली जात असल्याने हाउसबोटी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास काठाला लागतात, आणि गाडी रखडली तर वेंबनाड तलाव पाहण्याऐवजी बांधून ठेवलेल्या बोटीत (तेवढेच भाडे मोजून!) डास मारत बसावे लागेल.

मुलांची वजने कळवून त्यांच्या मापाची लाइफ जॅकेटे आहेत का, हे बुकिंगपूर्वीच विचारावे. पट्टे आवळल्यावर जॅकेट खांद्यांपाशी धरून वर ओढावे. ते कानांपर्यंत सरकले, तर पाण्यात डोक्यावरून निघून जाईल, मग दुसरे मागावे. आईंना हलत्या बोटीत चढ-उतार कितपत जमते, हे गंगापूर धरणाच्या बोट क्लबवर एक फेरी मारली की कळेल. स्वस्त बोटींत एसी बहुधा रात्रीपुरताच चालतो, तेही आधी विचारून घ्यावे.