ब्लूबेरी घ्यावी की जामच बरा?

रामबागची आजी (इंदूर):
नमस्कार. मी ६४ची, हे ७१चे. यांना नऊ वर्षांपासून शुगर आहे. धाकटी सून बंगळुराहून येताना ब्लूबेरीच्या चार डब्या घेऊन आली. डबीत साठ दाणे (मोजले मी, हो). किंमत तिने सांगितली नाही, पण चिकटवलेली चिठ्ठी मला वाचता येते. म्हणे यात अँटिऑक्सिडंट (पेशींची झीज रोखणारी द्रव्यं) असतात, बाबांना रोज द्या. यांनी दोन दाणे तोंडात टाकले आणि विचारलं, "ही करवंदं पिकायची राहिलीत का?"

इकडे ठेल्यांवर जामुनचे ढीग लागलेत. हिवाळ्यात जाम येतात. (पुण्या-मुंबईच्यांसाठी: आम्ही इंदूरवाले पेरूला जाम म्हणतो, पावाला लावायचा तो नव्हे.) सासूबाई आवळी नवमीपासून संक्रांतीपर्यंत रोज एक आवळा चावून खायला लावायच्या. वर पाणी प्यायलं की गोड लागायचं, तेवढीच लालूच.

सुनेचं मन न मोडता ब्लूबेरी बंद केली तर यांचं काही बुडेल का? आणि हो, यांनी कुठेतरी वाचून जांभळाच्या बियांचं चूर्ण सुरू केलंय, रोज चमचाभर. त्याने फायदा होतो ना?

बडोद्याची डाएटिशियन:
काकू, काही बुडत नाही. ब्लूबेरीला रंग देणारी अँथोसायनिन नावाची अँटिऑक्सिडंट जांभळातही असतात. जीभ जांभळी होते ती त्यांनीच. क जीवनसत्त्वाचं म्हणाल तर १०० ग्रॅम ब्लूबेरीत जेमतेम १० मिलिग्रॅम, संत्र्यात ५०च्या आसपास, तुमच्या जामात २००च्या वर. काकांची दिवसाची गरज ८०.

कुठल्या फळात अँटिऑक्सिडंटची ताकद किती, त्या गुणांकावर जाऊ नका. अमेरिकेच्या कृषी खात्याने तसा तक्ता केला होता, २०१२ मध्ये स्वतःच काढून टाकला. परीक्षानळीतला आकडा शरीरात काय होतं ते सांगत नाही, आणि कंपन्या तोच जाहिरातीत मिरवत होत्या. फळ म्हणजे चोथा, पाणी, कितीतरी द्रव्यं एकत्र. त्यातलं एकच उचलून गोळी केली की गणित बिघडू शकतं. फिनलंडमध्ये २९ हजार धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली, निकाल १९९४ मध्ये आला: बीटा कॅरोटीन या गाजरातल्या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी नाही, उलट जास्त निघाला.

तेव्हा फळ चावून खा, रस काढू नका. शुगर आहे म्हणून एका वेळी एक मध्यम जाम किंवा दहा-बारा जांभळं, बस.

चूर्णाबद्दल भक्कम पुरावा नाही. डॉक्टरांना सांगून ठेवा. आणि काकांनी त्यापायी गोळी तर कमी केली नाही ना, ते बघा.

मालवा मिलचा भिया:
आजी, आपल्याकडे सगळंच मीठ-मसाला भुरभुरून खातात, ते जरा जपून. बीपी असेल तर जामापेक्षा वरचं काळं मीठच महागात पडतं. दुसरं, काकांना नऊ वर्षं शुगर आहे तर किडनीची तपासणी झाली असेल. त्यात काही निघालं असेल तर कमरख घरात आणूच नका, ते पाच धारांचं आंबट फळ. किडनी अधू असलेल्याला त्याने न थांबणारी उचकी लागते, भ्रम होतो, जिवावर बेतू शकतं. फळ आहे म्हणजे सगळ्यांना चालतंच असं नाही.

नातू_उज्जैन:
माझ्या वडिलांची शुगर चूर्णानेच उतरली. अनुभवाचं बोलतोय.

बडोद्याची डाएटिशियन:
त्याच काळात चालणं, भात, गोळी यांतलं काही बदललं होतं का?

नातू_उज्जैन:
पहाटे फिरायला जायला लागले होते.

रामबागची आजी:
डाएटिशियनबाईंनी विचारलं म्हणून आज पट्टी काढून पाहिली. हिशेबाने चार गोळ्या उरायला हव्या होत्या, निघाल्या नऊ. विचारलं तर म्हणाले, "चूर्ण घेतो ना, मग संध्याकाळची कशाला?" चाळीस वर्षं बँकेत दुसऱ्यांचे हिशेब तपासले या माणसाने! उद्या डॉक्टरांकडे नेते, चूर्णाची बाटली सोबत घेऊन. किडनीचा रिपोर्ट मागच्या वर्षीचा आहे, तोही नवा करून घेते.

ब्लूबेरी नातवाने संपवल्या. सुनेला सांगितलं, छान होत्या, पण पुढच्या वेळी राहू दे. रिकाम्या डब्यांना खाली भोकं, त्यामुळे मसाला काही ठेवता येत नाही. दोन डब्यांत यांच्या गोळ्यांच्या पट्ट्या ठेवल्यात, एकीत सकाळच्या, एकीत संध्याकाळच्या. बाहेरून मोजता येतात.