मदत हवी आहे: डचमध्ये 'र'च्या आधीचे स्वर

नमस्कार मंडळी, नेदरलँड्समध्ये डच शिकतेय. व्याकरण जमतंय, घोडं अडलंय ते 'र'पाशी.

'बेन' म्हणजे पाय. यातला दीर्घ 'ए' इथले बरेच जण शेवटी 'य'कडे झुकवतात, साधारण 'बेय्न'. तेवढं कानाला कळतं. पण तोच स्वर 'र'च्या आधी आला की झुकाव गायब आणि उच्चार थेट 'इ'च्या जवळ. मग अस्वलाचा 'बेर' आणि प्यायची 'बीर' मला सारखेच ऐकू येतात. तळ्याचं 'मेर' आणि मुंगीची 'मीर', तीच गत. फरक आहे असं पुस्तक म्हणतं, दुकानदार काही म्हणत नाही!

'बूक' (पुस्तक) मधला 'ऊ' आखूड, 'बूर' (शेतकरी) मधला लांब, हेही 'र'मुळेच. ते मात्र पटकन बसलं, ऱ्हस्व-दीर्घ आपण शाळेपासून झेललंय.

तर जाणकारांनो, अस्वलासाठी आपला ऱ्हस्व 'इ' नुसता लांबवला तर चालेल का? ओठ ताणायचे की सैल सोडायचे? आणि टीव्हीवरच्या निवेदकांचा शेवटचा 'र' इंग्रजीसारखा गुळगुळीत असतो, तिथे कान कशावर ठेवायचा? बेल्जियमकडचे कुणी असाल तर तिकडचंही सांगा.