शब्दचर्चा : ‘गृहआघाडी’, ‘पिछाडी’ आणि ‘मागची माणसे’

प्रश्न :
वळिवड्याच्या पोलिश छावणीविषयी कोल्हापुरातील शाळांसाठी मी एक पुस्तिका लिहीत आहे. १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित तेथे राहिले. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले होती. त्याआधीच्या प्रकरणात, रणांगणापासून हजारो मैल दूर असलेल्या आपल्या भागातले रोजचे जगणे महायुद्धाने कसे बदलले, हे सांगायचे आहे. इंग्रजीत याला ‘होमफ्रंट’ असा सुटसुटीत शब्द आहे. मराठीत ‘गृहआघाडी’ असा प्रतिशब्द वाचनात आला, पण तो लिहिताना हात अडखळतो. याहून चांगला शब्द आहे का, आणि त्या काळातील माणसांच्या तोंडी कोणते शब्द होते?

उत्तर :
आपला हात अडखळतो ते योग्यच आहे. आजच्या वाचकाला ‘गृह’ म्हटले की गृहखाते आठवते आणि ‘आघाडी’ म्हटले की निवडणूक. पण खरी अडचण अर्थाची आहे. आघाडी म्हणजे फौजेचा शत्रूला सामोरा जाणारा भाग. लंडनसारख्या शहरात बाँब थेट घरांवर पडत होते, तेव्हा तेथे घराला आघाडी म्हटले तर ते समजते. कोल्हापुरात बाँब पडले नाहीत, पण युद्ध धान्याच्या कणगीतून आणि कापडाच्या दुकानातून घरात शिरले.

जुन्या मराठीला असा वेगळा शब्द लागलाच नाही, कारण तेव्हाची लढाई गावातूनच जात असे. फौजेच्या घोड्यांसाठी रयतेकडून वसूल होणारा ‘घासदाणा’ हा शब्द पाहा, किंवा ‘धामधूम’ पाहा. आज आपण लग्नाची धामधूम म्हणतो; जुन्या पत्रांत मात्र मुलखात धामधूम झाली म्हणजे फौजा फिरल्या, पिके गेली आणि रयत परागंदा झाली. १८०२ साली होळकरांनी पुण्यावर चाल केल्यानंतर त्या मुलखाची जी दैना झाली आणि पाठोपाठ जो दुष्काळ पडला, तो सगळा या एका शब्दात मावतो.

दुसऱ्या महायुद्धाने दिलेले शब्द वेगळ्या जातीचे आहेत. मार्च १९४२ मध्ये रंगून जपानच्या हाती गेले, ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला, रेल्वेच्या वाघिणी लष्कराच्या मालाला लागल्या आणि भाव चढले. १९४३ साली मुंबईत रेशनिंग सुरू झाले. सरकारी कागदात ‘नियंत्रण’ हा शब्द होता, पण लोकांनी ‘कंट्रोल’ घेतला आणि त्याचा अर्थही बदलून टाकला. मुळात भावावरचे बंधन असलेला हा शब्द आधी मालाचे विशेषण झाला (कंट्रोलचे कापड, कंट्रोलची साखर) आणि मग दुकानाचेच नाव झाला. ‘कंट्रोलात जाऊन रॉकेल आण’ हे वाक्य मी मंगळवार पेठेत लहानपणी कितीतरी वेळा ऐकले आहे, आणि तेव्हा युद्ध संपून पंचवीस वर्षे होऊन गेली होती. ‘काळाबाजार’ हा तर सरळ भाषांतरित शब्द, तरी तो आज कोणाला परका वाटत नाही. बोलताना मात्र माणसे ‘ब्लॅकनं घेतलं’ असेच म्हणतात. पगाराच्या चिठ्ठीवर आजही छापला जाणारा ‘महागाई भत्ता’ हीसुद्धा त्याच युद्धातल्या भाववाढीची खूण आहे.

एक वस्तू आपल्या पुस्तिकेत अवश्य घ्यावी. माझ्या आजीच्या चंचीत सुपारीच्या खांडांबरोबर एक ‘भोकाचा पैसा’ असे. एका बाजूला मुकुट, १९४३ हे साल आणि मधोमध करंगळीच्या टोकाएवढे भोक. युद्धासाठी धातू वाचवायचा म्हणून सरकारने पैशाचे पोटच काढून घेतले होते. रुपयाचे ६४ पैसे तेव्हाही होतेच, पण आजी तो बोटात फिरवत म्हणायची, ‘ह्यो पैसा आला आन् पैशाला काय येईनासं झालं.’ भाववाढीची याहून नेमकी व्याख्या मला अद्याप सापडलेली नाही.

दुसरे मत :
माझ्या मते ‘पिछाडी’ हा शब्द घ्यावा. आघाडीला जोड म्हणून तो भाषेत आहेच. घोड्याचे पुढचे पाय बांधायच्या दोरीला अगाडी आणि मागचे पाय बांधायच्या दोरीला पिछाडी म्हणत. फौजेच्या मागे रसद, बैल आणि बाजारबुणगे असत, त्या सगळ्यांचा भाव त्यात येतो.

उत्तर :
‘पिछाडी’ पूर्वी चालला असता. आता मात्र सामन्याच्या बातम्यांमुळे ‘पिछाडीवर’ म्हणजे हरत असलेला, एवढाच अर्थ उरला आहे. मुलांचा गोंधळ होईल. शिवाय बाजारबुणगे फौजेबरोबर चालत, घरी राहत नसत.

मला ‘मागची माणसे’ हा शब्दप्रयोग अधिक जवळचा वाटतो. कोणी भरतीला गेला की आपण विचारतो, ‘त्याच्या मागं कोण कोण हाय?’ या ‘मागं’मध्ये स्थळही आहे आणि जबाबदारीही आहे. मनिऑर्डरची वाट पाहणारी बायको, कुळवाची पाळी स्वतः घालणारा म्हातारा बाप आणि कंट्रोलच्या रांगेत उभी केलेली पोर, ही सगळी त्यात येतात. संज्ञा म्हणून तो कोशात शोभणार नाही, हे मला मान्य आहे. पण प्रकरणाचे नाव म्हणून तो उत्तम आहे, आणि मजकुरात ‘युद्धकाळातील घरचे जीवन’ असे सरळ लिहिता येईल.

जाता जाता ‘निर्वासित’ या शब्दाविषयी सांगतो. १९७१ साली टपालावर जे पाच पैशांचे जादा तिकीट लावावे लागे, त्यावर ‘शरणार्थी सहायता’ असे हिंदी शब्द होते. शरणार्थी म्हणजे आसरा मागणारा. त्यात तो काय मागतो एवढेच कळते. निर्वासित म्हणजे घरातून, देशातून घालवून दिलेला. त्याच्यावर काय गुदरले ते या शब्दात आहे. वळिवड्यास आलेल्या पोलिश कुटुंबांना सोव्हिएत सत्तेने घरादारातून उचलून सैबेरिया आणि मध्य आशियात नेले होते. त्यांच्यासाठी ‘निर्वासित’ हाच शब्द ठेवावा. पुढे त्याच बराकींत सिंधी कुटुंबे आली, गांधीनगर वसले, आणि त्यांनाही आपल्या लोकांनी याच शब्दाने ओळखले.

प्रश्नकर्ता :
‘मागची माणसे’ हे प्रकरणाचे नाव मी नक्की केले आहे आणि ‘गृहआघाडी’ सगळीकडून काढून टाकला आहे. भोकाच्या पैशाचे चित्र त्याच प्रकरणात घालीन. ‘निर्वासित’ शब्दाबाबत एक शंका राहते : तो छापील मराठीतला झाला, पण छावणीत दूध आणि भाजी विकायला जाणाऱ्या गावकऱ्यांनी त्या गोऱ्या बायकापोरांना आपसांत काय म्हटले असेल? येत्या रविवारी वळिवड्यास जाऊन तेथील नव्वदीच्या घरातील माणसांना एवढेच विचारणार आहे.