मदत हवी आहे: ३ लाख ३८ हजार किमी झालेली बोलेरो पिकअप. आधी इंजिन, आधी गिअरबॉक्स, की दोन्ही एकदम?

पालीकर

राम राम मंडळी. जरा लांबलचक लिहितोय, पण अर्धवट माहिती दिली की उत्तरंही अर्धवट येतात.

गाडी महिंद्रा बोलेरो पिकअप, २०१७ ची, बीएस-४. इंजिन २५२३ सीसीचं कॉमन रेल, पाच गिअर. मी घेतली तेव्हा मीटरवर १ लाख ९० हजार होते. मीटर खरा होता असं धरून चाललोय. माझ्या हातात आल्यापासून इंजिन उघडलेलं नाही. ऑइल, फिल्टर वेळेवर. गाडीने आजवर रस्त्यात कधी दगा दिलेला नाही, त्यामुळे विकायचं मनात नाही.

काम काय, तर आंब्याच्या दिवसांत रत्नागिरीजवळच्या पालीहून कोल्हापूर, कधी पुण्याला गुलटेकडीपर्यंत. जाताना पेट्या, येताना पेंड, गूळ, भाजी, जे मिळेल ते. म्हणजे आंबा घाट चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा गाडी भरलेली. बाकी वर्षभर किरकोळ भाडी.

आता तक्रारी.

ओढ गेली. साखरप्याच्या पुढे घाट लागला की पूर्वी तिसऱ्यात जिथे निवांत चढायची, तिथे आता दुसरा टाकावा लागतो. जास्त रेटली की काळा धूर. पाण्याचा काटा मात्र मध्याच्या वर जात नाही.

ऑइल खाते. दोन सर्व्हिसच्या मध्ये दीड-दोन लिटर वरून घालावं लागतं. सकाळी चालू करताना जरा निळसर धूर, मग जातो.

गिअर. तिसरा कधीकधी आपोआप न्यूट्रलला येतो, तोही उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की. उतारावर असं झालं की पोटात गोळा येतो. दुसरा टाकताना खर्रकन आवाज. न्यूट्रलला उभी असताना एक घरघर ऐकू येते, क्लच दाबला की बंद.

तीन जणांना दाखवली, तीन सल्ले मिळाले. एक म्हणतो हाफ इंजिन करा, पिस्टनच्या रिंगा आणि बेअरिंग टाका, चालेल दोन वर्षं. दुसरा म्हणतो आता उघडायचंच तर फुल इंजिन करा, म्हणजे सिलिंडर घासून पिस्टनसकट. तिसरा म्हणतो यात पैसे घालू नका, कुर्ल्याहून स्कॉर्पिओचं २.२ लिटरचं एमहॉक इंजिन गिअरबॉक्ससकट आणू, घाटात विमान होईल. शिवाय इंजिनाची ताकद वाढवायची चिप टाकणारा एकजण रोज व्हॉट्सॲपवर मागे लागलाय. आणि मागचा क्राउन-पिनियन (मागच्या ॲक्सलमधली गिअरची जोडी) बदलून 'घाटाचा', म्हणजे जास्त ओढ देणारा, टाकावा असंही कुणीतरी सुचवलंय.

बजेट दीड लाखाच्या आत. होळीच्या आधी गाडी रस्त्यावर हवी, नंतर एक दिवसही उभी करता येणार नाही. काय क्रमाने करू?

डिझेल_काका

पालीकर, तक्रारी नीट लिहिल्यात, त्यामुळे अर्धं काम झालं. पण तिघांपैकी एकानेही काही मोजलेलं दिसत नाही. आवाज ऐकून आणि धूर बघून इंजिन खोलायला निघालेत. स्पॅनर लावायच्या आधी पुढचं करून घ्या, खर्च किरकोळ आहे.

इंजिन गरम करून चालू ठेवा आणि ऑइलचं झाकण उघडून त्याच तोंडावर उलटं ठेवा. नुसतं थरथरलं तर ठीक. उडून पडत असेल, ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली वाफ सोडणाऱ्या नळीतून, भकाभका वाफ येत असेल, तर रिंगांतून गॅस खाली उतरतोय.

मग कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात हवा किती दाबली जाते ते. चारही सिलिंडरचे आकडे कागदावर लिहून घ्या. सगळे सारखे कमी असतील तर ती सरळ झीज. एकच खाली असेल तर तिथे रिंग, व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. या दोन गोष्टींचा खर्च अगदी वेगळा.

इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडा, काही मिनिटं इंजिन चालवा. एखादी बाटली इतरांपेक्षा पटकन भरली तर तो इंजेक्टर आतून गेलाय. तो नीट फवारा मारत नसेल तर डिझेल बोअरच्या (सिलिंडरच्या) भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं, आणि असल्या गाडीत नव्या रिंगा टाकल्या तर त्याही लवकर जातात. रिंगांचं काम करून सहा महिन्यांत परत आलेल्या गाड्यांत हे बऱ्याचदा निघतं.

ऑइल प्रेशर वेगळा गेज लावून, इंजिन पूर्ण तापलेलं असताना, आयडलला बघा. डॅशबोर्डचा दिवा फार उशिरा बोलतो.

पण माझा पहिला संशय इंजिनवर नाहीच. ओढ नाही आणि काळा धूर म्हणजे डिझेल आहे, हवा कमी पडतेय. टर्बो हवा दाबतो, इंटरकूलर ती थंड करतो. टर्बोकडून इंटरकूलरला आणि तिथून इंजिनला जाणारे रबरी होज बघा. वरून नाही, खालच्या बाजूने हात फिरवून. कुठे ऑइलचा ओलावा आणि त्यावर धूळ चिकटलेली असेल तिथे फट समजा. होज इंटरकूलरवरून काढला की आत बघा. ऑइलचा पातळ थर चालतो, थारोळं असेल तर टर्बोचं सील किंवा ब्रीदरचं ऑइल. तुमचं दीड-दोन लिटर तिथूनही जात असेल.

गिअरवाला

इंजिनाबद्दल काकांना अनुमोदन. मी गिअरबॉक्सपुरतं बोलतो.

न्यूट्रलला घरघर आणि क्लच दाबला की बंद, म्हणजे इनपुट शाफ्टचं नाहीतर काउंटर शाफ्टचं बेअरिंग. क्लच दाबल्यावर आवाज सुरू झाला असता तर रिलीज बेअरिंग म्हटलं असतं. दुसऱ्याची खर्रखर्र सिंक्रो रिंगची, म्हणजे गिअर जुळताना वेग सारखा करणाऱ्या रिंगची. तिसरा सुटतो त्याला कारणं अनेक: गिअरचे दात चपटे झालेले, फोर्क झिजलेला, शाफ्टला पुढे-मागे प्ले. इंजिन आणि गिअरबॉक्सचे माउंटिंग रबर बसले असतील तरी सुटतो, म्हणून ते आधी बघा.

थोडक्यात तुमचा गिअरबॉक्स उतरवावा लागणारच आहे, इंजिनाचं काहीही ठरो. आणि उतरवला की क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग आणि क्रँकचं मागचं ऑइल सील हे सगळं त्याच वेळी. सील किरकोळ किमतीचं असतं, पण नंतर गळायला लागलं तर त्याच्यासाठी पुन्हा सगळा गिअरबॉक्स खाली.

एक विचारतो. गिअरबॉक्समध्ये ऑइल कुठलं घालता? पुष्कळ गॅरेजमध्ये एकच डबा गिअरबॉक्सलाही आणि मागच्या डिफरन्शियललाही ओततात. मॅन्युअल उघडून ग्रेड बघा. जीएल-५ ग्रेडचं ऑइल क्राउन-पिनियनसाठी ठीक, पण पितळी सिंक्रो रिंगांना ते मानवत नाही. जीएल-४ सांगितलं असेल तर जीएल-४ च.

कागदवाला

स्कॉर्पिओच्या इंजिनाबद्दल. करू नका.

एमहॉक २१७९ सीसीचं. बीएस-४ स्कॉर्पिओत ते १२० अश्वशक्ती आणि २८० न्यूटन-मीटर देतं, हे वाचायला छान. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर जे लिहिलंय त्यापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच उचलून धरलं. तुमची गाडी पिवळ्या पाटीची, आठ वर्षं ओलांडली की फिटनेस दरवर्षी. तिथे इंजिन नंबर जुळला नाही तर काय सांगणार? त्याहून वाईट म्हणजे अपघात झाला तर विमा कंपनीच्या हातात आयतं कारण.

त्याच मॉडेलचं दुसरं इंजिन टाकायचं तरी आरटीओची परवानगी घेऊन नवा नंबर आरसीवर चढवावा लागतो. जुनं इंजिन घेणार असाल तर ते कुठल्या गाडीतून निघालं त्याचे कागद मागा. 'कागद नंतर देतो' म्हणणाऱ्याकडून नटसुद्धा घेऊ नका.

आपल्याच ब्लॉकला बोअर मारून पिस्टन बदलले तर इंजिन नंबर तोच राहतो, ही सगळी कटकट नाही. आणि इंजिन मोठं बसवलं म्हणून आरसीवरचं वजन वाढत नाही, हे वेगळं सांगायला नको.

ह्युस्टनचा_बाळू

इकडे लोक पिकअपला कारखान्यातून नव्याने बांधलेलं आख्खं इंजिन वॉरंटीसकट मागवतात. आपलं जुनं इंजिन परत दिलं की अनामत परत मिळते. गिअरबॉक्सचंही तसंच. ऑटोमॅटिक असल्यामुळे इथे घरगुती गॅरेजमध्ये सहसा कुणी खोलत नाही. भारतात ही सोय किती ठिकाणी आहे कल्पना नाही, पण कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारून बघायला हरकत नाही.

डिझेल_काका

क्राउन-पिनियनचं राहिलं होतं. समजा रेशो ४.३ चा ४.९ केला, तर प्रत्येक गिअरला ओढ साधारण १४ टक्के वाढते आणि त्याच वेगाला इंजिन तितकंच जास्त फिरतं. घाटात मजा, पण मलकापूर ते कोल्हापूर आणि पुढे पुण्याचा हायवे बोंबलत जाणार, डिझेलही जास्त. स्पीडोमीटरचा सेन्सर गिअरबॉक्सवर असेल तर काटाही खोटं बोलणार.

त्याआधी एक सांगा, टायर कुठल्या साइजचे आहेत?

आणि चिपवाल्याला ब्लॉक करा. झिजलेल्या रिंगा आणि म्हातारा क्लच, त्यावर जादा टॉर्क?

पालीकर

सगळ्यांचे आभार. जमलं तेवढं बघून आलो.

टायर ७.०० आर १५ आहेत. गाडी घेतली तेव्हापासून हीच साइज. पण दाराच्या खांबावरच्या पट्टीवर २१५/७५ आर १५ लिहिलंय.

इंटरकूलरच्या खालच्या होजला क्लिपच्या लगत बोटभर चीर. नुसती बघितली तर दिसत नाही, होज पिळला की तोंड उघडते. आजूबाजूला काळा चिकट लेप. नवा होज आणि दोन्ही क्लिपा टाकल्या. आत ऑइलचा थर होता, पण थारोळं नव्हतं. काल रिकाम्या गाडीने नाणीजच्या बाजूला फिरून आलो, काळा धूर जवळजवळ गेलाय. भरून घाट अजून चढलो नाही.

झाकण उडत नाही, थरथरतं. बाटल्यांमध्ये तिसऱ्या इंजेक्टरची इतरांच्या जवळजवळ दुप्पट भरली. कम्प्रेशन गेजवाला पुढच्या आठवड्यात मिळतोय.

डिझेल_काका

मग चित्र पालटलं. ७.०० आर १५ चा व्यास २१५/७५ पेक्षा पाच-सहा टक्क्यांनी मोठा, म्हणजे तुमची गाडी घाटात कायम थोड्या उंच गिअरला चालत होती. मीटरही कमी दाखवत असणार, तेव्हा ३ लाख ३८ हजारांच्या वर थोडे आणखी धरा. पट्टीवरच्या साइजचे, त्याच लोड रेटिंगचे टायर टाका. क्राउनला हात लावायची गरज पडणार नाही.

तिसरा इंजेक्टर आधी तपासून घ्या. कम्प्रेशन चारही ठिकाणी जवळपास सारखं आलं तर इंजिन या सीझनला उघडू नका. ऑइलची पातळी बघत चालवा आणि पावसाळ्यात निवांत काम काढा. उघडाल तेव्हा बोअर कोल्हापुरात उद्यमनगरला मोजून घ्या. बोअर गेजने वर, मध्ये, खाली, आडवं-उभं मोजतील आणि आकडे लिहून देतील. आकडे मर्यादेत असले तर रिंगा, नाहीतर बोअर आणि ओव्हरसाइज पिस्टन. मधला मार्ग नाही.

पालीकर

पटलं. म्हणजे आता पैसे गिअरबॉक्स, क्लच, इंजेक्टर आणि टायर यात. दीड लाखातून उरतीलसुद्धा. गिअरवाले दादा, तिसऱ्याचा एकच गिअर बदलला तर चालेल? फिटर म्हणतो मेन शाफ्टवरचा बदलू, काउंटरवरचा चांगला आहे.

गिअरवाला

जोडीनेच बदला. जुना दात आणि नवा दात एकमेकांवर बसत नाहीत, दोन महिन्यांत गुणगुणायला लागेल. हब आणि स्लीव्ह (गिअरला शाफ्टशी जोडणारे भाग) हेही हातात घेऊन बघा. स्लीव्हच्या आतल्या दातांची टोकं गोल झाली असतील तर नवा गिअर टाकूनही तिसरा सुटतच राहील. आणि बेअरिंग सगळी, फक्त आवाज करणारं एक नको. खोललं की टेबलावर मांडून फोटो टाका, तोपर्यंत सामानाची ऑर्डर देऊ नका.