मदत हवी आहे: सासऱ्यांना लिव्होफ्लॉक्सासिन चालू आहे आणि टाच दुखायला लागली आहे

देवगडची_सून:
नमस्कार मंडळी. आम्ही देवगड तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. सासरे सत्तरीचे, जुना दमा, शुगरला ग्लिमेपिराइड चालू. कलमांवर फवारण्या सुरू झाल्या की त्यांचा खोकला उसळतोच. या खेपेस गावातल्या डॉक्टरांनी लिव्होफ्लॉक्सासिन ५०० हे अँटिबायोटिक आणि सोबत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिलं. खोकला उतरला, पण कालपासून उजव्या टाचेच्या मागे दुखतंय, आज सकाळी पाऊल टेकवत नव्हतं. ते म्हणतात बागेत मुरगळला असेल. पण आजारी पडल्यापासून ते बागेत गेलेलेच नाहीत!

धाकटे भावोजी इंग्लंडमध्ये नर्स आहेत. त्यांचं म्हणणं, तिकडे जानेवारी २०२४ पासून या जातीची औषधं (फ्लुरोक्विनोलोन म्हणतात त्यांना) नेहमीचं दुसरं अँटिबायोटिक चालणारच नसेल तर लिहायची, असं बंधन आहे. मग आपल्याकडे काहीच नियम नाही का? सासूबाईंना लघवीला जळजळ झाली की त्यांनाही दरवेळी याच जातीतलं सिप्रोफ्लॉक्सासिनच मिळतं.

आणि खरी अडचण अशी, की आमचे डॉक्टर मध्यरात्रीही दार उघडणारे. पंचक्रोशीत दुसरं कोणी नाही. त्यांना "हे का दिलंत" असं विचारायचं कसं?

रापणकर:
बाये, ह्या सगळा मागसून. आधी पुढची गोळी थांबव नि डॉक्टराक फोन लाव.

मेडिकलवाला_राजापूर:
नियम आहे. १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१, म्हणजे जास्त कडक नियमांच्या औषधांची यादी, लागू झालं, त्यात लिव्होफ्लॉक्सासिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन आहेत. चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही. डॉक्टरांचं नाव, पेशंटचं नाव आणि किती गोळ्या दिल्या ते वेगळ्या रजिस्टरला लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. पण हा नियम बांधतो आम्हाला, दुकानदाराला. डॉक्टरांनी कोणत्या आजाराला काय लिहावं यावर त्यात अक्षर नाही. सिप्रो साध्या शेड्यूल एचमध्ये येतं. चिठ्ठी त्यालाही लागते, पण ते रजिस्टर नाही. आता गिऱ्हाईक येऊन "जुलाबाची ती गोळी द्या" म्हणतं, तेव्हा त्याला ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल हवं असतं, त्यातलं ऑफ्लॉक्सासिन याच जातीतलं. ओआरएसचं पाकीट पुढे केलं तर तोंड वाकडं करतं आणि शेजारच्या दुकानात जातं. असो, आमच्या धंद्याचं रडगाणं इथे नको.

डॉ_किनारपट्टी:
ताई, रापणकरांचं बरोबर आहे. टाचेमागची जी जाड शीर लागते ती कंडरा. या औषधांनी तिला सूज येऊ शकते, क्वचित ती तुटतेही. साठीपुढचं वय आणि सोबत स्टेरॉइड, या दोन्हींनी धोका वाढतो, आणि तुमच्याकडे दोन्ही आहेत. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २००८ मध्येच यासाठी चौकटीतला इशारा छापायला लावला. कंडरा दुखली की औषध थांबवून डॉक्टरांना कळवा, असं माहितीपत्रकातच असतं. तेल लावून चोळू नका, चालवू नका. प्रेडनिसोलोन मात्र मनाने बंद करू नका, त्याचं डॉक्टर ठरवतील. ग्लिमेपिराइडसोबत या औषधाने साखर एकदम खाली जाऊ शकते, म्हणून घाम किंवा थरथर दिसली तर लगेच तपासा.

बंधनांबद्दल. २०१६ मध्ये एफडीएने सांगितलं, की सायनस, जुन्या ब्राँकायटिसची उसळी आणि साधा मूत्रमार्गाचा संसर्ग, यांत दुसरा पर्याय असेल तर हे देऊ नका. पुढे युरोपनेही वापर आवळला, कारण कंडरा, नसा आणि मन यांवरचे दुष्परिणाम क्वचित होतात, पण झाले तर कधी कधी कायम राहतात. आपल्याकडे आयसीएमआरच्या, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, मार्गदर्शक सूचना आहेत, आणि जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने डॉक्टरांना अँटिबायोटिक लिहिताना कारणही लिहा असं पत्र पाठवलं. मोठ्या हॉस्पिटलांत काही अँटिबायोटिक वरिष्ठांच्या सहीशिवाय वॉर्डात येत नाहीत. गावात एकट्या डॉक्टरच्या डोक्यावर अशी समिती कुठून येणार? रात्री अकराला धापा टाकणारा म्हातारा समोर, एक्स-रे तालुक्याला. अशा वेळी हात जोरदार गोळीकडे जातो. मी समर्थन करत नाही, पण तसं होतं.

आपल्याकडे या औषधाला जपायचं आणखी एक मोठं कारण आहे, टीबी. लिव्होफ्लॉक्सासिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन हे औषधाला दाद न देणाऱ्या टीबीवरचे मुख्य आधार. छातीच्या साध्या खोकल्याला ते दिलं आणि आत टीबी असला, तर पेशंटला चार दिवस बरं वाटतं, निदान लांबतं आणि जंतू निर्ढावतात. खोकला रेंगाळला असेल तर थुंकी तपासून घ्या.

सासूबाईंचं: आधी लघवीचं कल्चर (कोणता जंतू आहे ते बघायची तपासणी), मग गोळी. साध्या जळजळीला नायट्रोफ्युरॅन्टॉइन किंवा फॉस्फोमायसिन चालतं, नायट्रोफ्युरॅन्टॉइनआधी किडनी ठीक आहे ना ते पाहून.

विचारायचं कसं? "का दिलंत" म्हणू नका. "टाच दुखतेय, यांना दुसरी कुठली गोळी चालेल का?" एवढंच विचारा.

देवगडची_सून:
लावला फोन. अगदी तसंच विचारलं. डॉक्टर चिडले तर नाहीतच, उलट म्हणाले, बरं केलंत लगेच सांगितलंत. लिव्होफ्लॉक्सासिन बंद, गरज वाटली तर डॉक्सीसायक्लिन देऊ म्हणाले. प्रेडनिसोलोन संपेपर्यंत घ्यायचं आहे. थुंकीची डबी प्राथमिक आरोग्य केंद्रात द्यायला सांगितली. सासरे अजून मुरगळल्याचंच धरून बसलेत आणि फवारणीला गडी वेळेवर येतात की नाही ते बघायला खुर्ची अंगणात मांडा म्हणतायत.

मेडिकलवाला_राजापूर:
ताई, उरलेली स्ट्रिप कपाटात ठेवू नका. पुढच्या पावसाळ्यात घरात कोणीतरी ती तापावर घेतो.

देवगडची_सून:
काढून ठेवली बाजूला, दादा. आता टाच दाखवायला ओरोसला, जिल्ह्याच्या ठिकाणी, न्यायचं ठरतंय. हाडांचे डॉक्टर तिथे कोणत्या वारी असतात, कोणाला माहीत असेल तर सांगा. एसटीने नेणं जमणार नाही, गाडी ठरवावी लागेल.