छोट्या मंडळीचं वर्ष कसं जातं? खान्देशातले अनुभव लिहा

सलाम सगळ्यांना. मी धुळे तालुक्यातला. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, रविवारी तीसेक माणसं, त्यात निम्मी लेकरं. पाळकसाहेबांकडे अजून तीन गावं आहेत त्यामुळे ते महिन्यातून एकदा येतात, त्याच दिवशी प्रभुभोजन (भाकर-द्राक्षारसाचा विधी). बाकीचे रविवार आम्हीच ओढतो, म्हणजे वचन कोण वाचणार, पेटी कोण वाजवणार, सतरंज्या कोण झटकणार हे घंटा वाजल्यावर ठरतं. मोठ्या शहरात नाताळआधीच्या आगमनकाळाचे चार रविवार, जांभळं कापड, मेणबत्त्या, सगळं शिस्तीत चालतं म्हणे. आमच्याकडे ते चार रविवार म्हणजे कापूस वेचणी. मजुरी किलोवर, दव सुकलं की बाया शेतात, मग सकाळची उपासना घ्यायची कोणासाठी? म्हणून डिसेंबरात आम्ही रात्री साडेसातला घेतो. एका पाहुण्याने यावर फार नाक मुरडलं होतं (त्याला कापूस नव्हता). आमच्यात एक आजोबा आहेत, अहिराणीशिवाय बोलत नाहीत, दोन-तीन रविवार दांडी मारलेला कोणी दिसला की दारातच "कथा गयथा रे भो इतला दिन?" आणि लगेच हातात झाडू. तर तुमच्याकडे कसं चालतं ते लिहा, पाळकांनीच असं नाही, चपला नीट लावणाऱ्यांनीही लिहा.

नवापूर तालुक्यातून

दादा, तुमचा कापूस निदान गावातच असतो. आमची अर्धी मंडळी दिवाळी झाली की ऊसतोडीला गुजरातेत, बारडोली-सुरतकडे. मुकादमाची उचल आधीच खाऊन झालेली असते, न जाऊन चालत नाही. नाताळला काही जण दोन दिवस येतात, पण सगळ्यांना कुठली सुट्टी, कारखाना चालूच असतो ना. मग तरुण संघाने ठरवलं, ते येत नाहीत तर आपण जाऊ. पिकअप भाड्याने केली, डिझेल कॅरल राऊंडच्या (घरोघरी नाताळची गाणी म्हणतो त्या) डब्यातून, सोबत ढोल, पेटी आणि चिवड्याचं पोतं. तोडकऱ्यांच्या पडावावर पोचलो तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेलेले आणि बाया तेव्हा कुठे चुली पेटवत होत्या. झोपड्या म्हणजे बांबू आणि वर प्लास्टिक. मावची बोलीत गाणी सुरू केली, तीन-चार झाली असतील तेवढ्यात ट्रक आला, झालं, पुरुष सगळे उठून भरायला गेले. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढायचं, उजेड मिळेल तेवढाच. आमची दोघं-तिघं पोरंही शर्ट काढून लागली, बाकीचे खाली गात राहिले. ट्रक हलला तेव्हा मध्यरात्र उलटलेली, मग प्रार्थना, मग जेवण. एका मावशीचे हात उसाच्या पात्यांनी इतके चिरलेले की पान उलटायला ती पोरीला सांगत होती, खरं तर गाणं तिला पाठ होतं पण पुस्तक समोर लागायचंच.

आमचे बाप्तिस्मे, लग्नं, वार्षिक सभा सगळं मे महिन्यात, माणसं परतल्यावर. मंडळीचा कारभार बघणाऱ्या पास्टरेट कमिटीची निवडणूकही तेव्हाच. डिसेंबरात घेतली तर उरलेले सगळेच निवडून यायचे.

चिंचपाडा परिसर

वरच्या भाऊंसारखं लांब नाही जमत आम्हाला. नाताळच्या आठवड्यात चिंचपाड्याच्या ख्रिस्ती हॉस्पिटलात जातो, १९४२ पासूनचं आहे ते. वॉर्डात गाणी म्हणतो, ढोल बाहेर ठेवून. पेशंट सगळ्या धर्मांचे, फर्माईश पण करतात, आणि कोणाला कोणती भाषा कळते ते आधी विचारून घ्यायचं.

भुसावळहून

आमच्याकडे पीकपाणी नाही, आमच्याकडे लिंक. रेल्वेच्या रनिंग स्टाफच्या ड्युटीचा तो तक्ता जसा लागेल तसं आमचं क्वायर. नाताळच्या नाटिकेत योसेफ करणारा दादा गुड्स गार्ड होता, रंगीत तालमीला हजर आणि २४ तारखेला संध्याकाळी ड्युटीचं बोलावणं घेऊन कॉलबॉय दारात. शेवटी योसेफाची बायको मरिया करणारीच्या सख्ख्या भावाला दाढी चिकटवून उभं केलं, बायका हसून हसून बेजार. रेल्वेमुळे तमिळ, तेलुगू, हिंदी, मराठी सगळी माणसं एका बाकावर, त्यामुळे पाठ वाचन चार भाषांत होतं आणि जरा लांबतं. लोक कंटाळतात, मला मात्र आवडतं. ३१ डिसेंबरच्या जागरण उपासनेत बारा वाजता यार्डातली इंजिनं हॉर्न देतात, आमची घंटा कोणालाच ऐकू येत नाही तरी ओढायची चढाओढ असतेच.

खरी अडचण बदलीची. एखादा माणूस साउंड, खुर्च्या, हिशोब सगळं शिकून तयार होतो आणि ऑर्डर निघते. शब्बाथशाळेला (लेकरांच्या रविवारच्या बायबल वर्गाला) तर दर दोन-तीन वर्षांनी नवे शिक्षक.

यावल तालुका (महिला मंडळ)

सणांबद्दल सगळे लिहितात, मी मार्च-एप्रिलबद्दल लिहिते कारण आमचं वर्षाचं निम्मं बजेट तेव्हा होतं. सुरुवात मार्चच्या पहिल्या शुक्रवारी, जागतिक महिला प्रार्थना दिनाला. दरवर्षी एका वेगळ्या देशातल्या बाया तो कार्यक्रम लिहितात, आमच्याकडे मराठीत पत्रिका येते. त्या देशाचं नाव नीट उच्चारता येईपर्यंत अर्धा तास जातो, मग नकाशा भिंतीला लावून त्यांच्यासाठी प्रार्थना. आणि चहा झाला की मुद्द्याचं बोलणं, या वर्षी बिबडे (ज्वारीचे पापड) किती करायचे?

चर्चचे पंखे, पत्रे, आणि आता कूलर, सगळं बिबडे-कुरडयांवर झालंय. ज्वारी भिजवून, कांडून, दळून आणायची, मोठ्या पातेल्यात लसूण, मिरची, जिरं, तीळ घालून घाटा शिजवायचा. तो घोटायला दोन धट्ट्याकट्ट्या बाया लागतात आणि लाटणं नाही, चांगला जाड दांडा लागतो. पहाटे चारला चूल पेटवावी लागते नाहीतर थापेपर्यंत ऊन डोक्यावर. मग ओल्या धोतरावर थापायचं, खाटा चर्चच्या अंगणात मांडलेल्या, लेकरं कावळे हाकलायला म्हणून बसवलेली, ती वाटीत गरम घाटा आणि वर तेल घेऊन खातात आणि कावळ्यांकडे बघत पण नाहीत. तो लेंटचा, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासांचा काळ, काही जणींचा उपास असतो, त्यांनाच मीठ चाखायला सांगायची एक मावशींची खोड आहे. शेजारच्या लेवा पाटलांच्या बाया थापायला येतात, त्यांच्या बिबड्यांना आम्ही जातो, हे सासूबाईंच्या वेळेपासून असंच आहे. गिऱ्हाईक निम्मं त्यांच्याच ओळखीतलं.

एक सांगू का, सभेत अहवाल वाचताना "इमारत दुरुस्ती निधी" असं लिहिलेलं असतं आणि आभार बांधकाम समितीचे मानतात. मंडळाचं नाव मी गेल्या सभेत उठून सांगितलं तर म्हणे ताई, सेवेत नाव कशाला. बरं. मग समितीचं तरी कशाला घेता?

एका भाऊंचं उत्तर

ताई शंभर टक्के. आमच्याकडे तेच पण शेवयांवर.

धडगावकडून

आमच्याकडे ईस्टर आणि मोहफुलं एकत्र येतात. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यात कधीही पडतो आणि मोह साधारण त्याच दिवसांत गळतो. फूल पहाटे पडतं, वेचायला उशीर झाला की शेळ्या-गुरं खाऊन जातात, आणि त्या फुलांवर घरातलं मीठ-मिरची चालतं. आता सूर्योदय उपासना टेकडीवर घ्यायची तर माणसं झाडाखाली. बाहेरून आलेल्या प्रचारकाने एकदा ऐकवलं की देवापेक्षा मोह मोठा झाला का. आमच्यातली एक म्हातारी, वाचता येत नाही तिला, म्हणाली की मग अंधारात घ्या ना, मग्दालिया मरिया येशूच्या कबरेकडे गेली तेव्हा अंधारच होता. बायबलात योहानाच्या २० व्या अध्यायात तसंच आहे, प्रचारकाने उघडून बघितलं. तेव्हापासून आमची उपासना चारला, बॅटऱ्या घेऊन, आणि आशीर्वाद झाला की सगळे टोपल्या उचलून थेट झाडाखाली. चहा-बिस्किटं नऊ नंतर. होळीला भोंगऱ्या बाजार (आदिवासींचा जत्रेसारखा बाजार) असतो तेव्हाचा रविवार मात्र कोणी भरवू शकलेलं नाही, आम्ही प्रयत्नही सोडला.

अमळनेर तालुका

२०१९ ला शुभ शुक्रवार (गुड फ्रायडे) आणि हनुमान जयंती एकाच दिवशी, १९ एप्रिलला. मंदिर आमच्या भिंतीला लागून. आम्ही जाऊन फक्त वेळ सांगितली, बारा ते तीन, वधस्तंभावरची येशूची सात वाक्यं. त्यांनी तेवढा वेळ स्पीकर बंद ठेवला आणि तीनला आम्ही बाहेर पडलो तर त्यांच्या पंगतीत वाढायला माणसं कमी, आमची पोरं बादल्या घेऊन घुसली. वरण-बट्टी होती. उपास तिथेच सुटला.

रावेरहून

हंगामाच्या सणाचं कोणी लिहिलं नाही अजून. उपासनेनंतर लिलाव असतो, केळीचे घड, हिरवी वांगी, ज्वारी, कोंबड्या. एकच घड तीनदा विकला जातो, घेणारा परत वेदीपाशी ठेवतो. मजा येते, पैसाही येतो. पण बोली वाढली की हातावर पोट असलेली माणसं मागे सरकतात हे मी बघितलंय, म्हणून आता आम्ही भाज्यांचे वाटे सरळ दहा-दहा रुपयांना आधी विकतो आणि लिलाव नंतर. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांना अजून ते पटलेलं नाही. त्यांच्या मते चुरस गेली.

धुळे तालुका (धागा ज्यांनी काढला)

यावलच्या ताईंचं आमच्या कमिटीला वाचून दाखवलं, दोघं गप्प बसले म्हणजे लागलं. सगळ्यांचे आभार. आता मेचं सांगा कोणीतरी, व्हीबीएस (सुट्टीतली लेकरांची बायबल शाळा) किती वाजता घेता? आम्ही साडेसहा ते नऊ ठेवतोय, नऊनंतर पत्र्याखाली लेकरं बसवणं बरोबर नाही. आणि आमच्या पेटीचा भाता फाटलाय, अमळनेर-चोपडा भागात दुरुस्त करणारा कोणी माहीत असेल तर कळवा, जूनच्या आत करून घ्यायचाय, पाऊस लागला की डिंक वाळत नाही.