मदत हवी आहे: सोलापुरात एम्पाग्लिफ्लोझिनची स्वस्त गोळी कुठे मिळते?

नमस्कार मंडळी. वडील यंत्रमाग कारखान्यातून निवृत्त झालेत, पेन्शन अगदी तुटपुंजी. शुगर आणि हृदयाचा त्रास, म्हणून डॉक्टरांनी एम्पाग्लिफ्लोझिन १० मिलिग्रॅम रोज एक, कायमची सांगितली आहे. चिठ्ठीवर मूळ कंपनीचं नाव आहे. तिची एक गोळी साठ रुपयांच्या आसपास पडायची, म्हणजे महिन्याला अठराशे!

या औषधाचं पेटंट मार्च २०२५ मध्ये संपलं. त्यानंतर आपल्याकडच्या बऱ्याच कंपन्यांनी तीच गोळी काढली, काहींची तर दहा रुपयांच्याही आत. पण आमच्या भागातला दुकानदार म्हणतो, "चिठ्ठीत जे नाव आहे तेच देणार." त्याचंही बरोबर आहे, परस्पर बदलून देऊ नयेच.

म्हणून विचारते: जुळे सोलापूर, अशोक चौक किंवा सात रस्त्याच्या बाजूला कुठल्या जनऔषधी केंद्रात किंवा मेडिकलमध्ये ही गोळी दर महिन्याला नक्की मिळते का? मध्येच संपली की वडील गोळीच सोडून देतात, मला भीती त्याचीच वाटते. कुणी मूळ ब्रँडवरून स्वस्त गोळीवर आलं असेल तर शुगर आणि क्रिएटिनिन (किडनीसाठीची रक्ततपासणी) पुन्हा कधी तपासलं? आणि डॉक्टरांना कंपनीच्या नावाऐवजी एम्पाग्लिफ्लोझिन हे औषधाचंच नाव लिहून द्या असं कसं म्हणावं? वडील त्यांना फार मानतात, त्यांच्यासमोर पैशाचा विषयच काढू देत नाहीत.

डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही बदलणार नाही. पुढच्या आठवड्यात तपासणी आहे, त्याआधी कळलं तर फार बरं होईल.